घाटात मी वजन होतो

घाटात गाडी मी चालवली नव्हती. मी तिच्यात वजन म्हणून बसलो होतो.

एवढं छोटं वाक्य बोलायला आयुष्यभरात वेळ मिळाला नाही का, असं कोणीही विचारील. वेळ भरपूर मिळाला. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात पंगती उठल्या आणि म्हातारी माणसं ओट्यावर टेकली की ही गोष्ट निघायचीच. पायानं अधू असलेल्या मोठ्या भावानं भंगारातून मोटार बनवली, धाकट्यानं ती राजूरचा घाट चढवून बुलढाण्याला पोरीच्या दारात नेली आणि मोठ्याचं लग्न जमलं. गोष्ट संपली की लोक माझ्याकडे बघायचे. मी मान खाली घालून हसायचो. त्या हसण्याला ते नम्रपणा समजायचे.

दादाला जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी खामगावला मुलाकडे असते. तिची नात इंजिनीअरिंग शिकते. मागच्या महिन्यात त्या पोरीचा फोन आला. ती आणि तिच्या वर्गातली मुलं मिळून एक गाडी बनवत आहेत. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यात मोटारसायकलचं दांडगं इंजिन, अशी ती गाडी इतर कॉलेजांच्या गाड्यांबरोबर चिखलात आणि चढावर पळवायची आहे. पण इंजिनाला जोर दिला की मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात.

"लहान आबा, तुमच्या गाडीलेही असंच होत होतं ना?" तिनं विचारलं. "मंग मागच्या टायरचं काय केलं होतं तुम्ही?"

मी म्हणालो, आठवून सांगतो. आठवायचं काहीच नव्हतं. सगळं काल घडल्यासारखं डोळ्यांपुढं आहे. पण तिला टायरचं सांगायचं तर दादाचं सांगावं लागणार होतं, आणि दादाचं सांगायचं तर माझं.

आमचं गाव रोहिणखेडच्या अलीकडे, मोताळ्याच्या बाजाराचं. महाराष्ट्र नवा होता. घरी कोरडवाहू शेत, एक बैलजोडी आणि एक बंडी. लहानपणी तापात दादाचा डावा पाय वाळला. औतामागं चालणं त्याला जमेना, म्हणून बाबांनी त्याला खामगावला गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे ठेवलं. तिथे तो असा रमला की पुढं सुटीला घरी आला तरी त्याच्या नखांतलं काळं ग्रीस निघायचं नाही. माय म्हणायची, याचं लग्न इंजिनाशीच लावून द्या.

कापसाच्या एका व्यापाऱ्याची जुनी अमेरिकन मोटार गोदामामागं पडून होती. पत्रा सडलेला होता, पण इंजिन शाबूत होतं. त्या व्यापाऱ्याच्या, कापसातून सरकी काढायच्या जिनातली यंत्रं दादानं ऐन हंगामात चालू करून दिली होती, म्हणून ते इंजिन त्याला मिळालं. दुसरीकडून एका छोट्या विलायती गाडीचा सांगाडा आला. शेळीच्या मानेवर बैलाचं जू ठेवावं तसं ते भलं मोठं इंजिन दादानं त्या सांगाड्यात बसवलं. वरचं काम आमच्या गावच्या सुतारानं बाभळीच्या लाकडाचं आणि पत्र्याचं केलं. दारं नव्हती आणि टपही नव्हता. डाव्या पायात जोर नसल्यानं दादानं क्लच हातानं ओढायचा केला. स्टिअरिंगशेजारी एक लोखंडी दांडा होता, तो ओढला की खट्ट आवाज व्हायचा. डाव्या पायाला त्या गाडीत काही कामच नव्हतं. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढं लागणार आहे.

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळवायच्या हलक्या गाडीला आमच्याकडे रेंगी म्हणतात. दादाच्या मोटारीलाही लोक रेंगीच म्हणू लागले.

पहिल्यांदा ती मारुतीच्या पारासमोर उभी केली तेव्हा सगळं गाव जमलं होतं. दादानं दांडा सोडला, इंजिन गर्जलं, मागची चाकं फिरू लागली, धुळीचा लोट उठला आणि जळक्या रबराचा वास सुटला. धूळ बसल्यावर पाहतो तर गाडी होती तिथंच. चाकांखाली दोन खड्डे मात्र झाले होते.

पारावरून एक म्हातारा म्हणाला, "काऊन गा मिस्त्री, गाडी बनवली का जातं? हे तं जाग्यावरच फिरून राह्यलं."

लोक हसले. त्या गर्दीत आमच्या शेजारच्यांची भाची होती. बुलढाण्याहून मामाकडे आलेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी. ती हसली नाही. खड्ड्याकडे बघत ती आपल्या मामीला म्हणाली, "चाकाले जमीन सापडून नाही राह्यली."

दादानं ते ऐकलं. मान वर करून तिच्याकडे बघत तो म्हणाला, "हाव. जमीनच सापडून नाही राह्यली."

त्या दोघांचं लग्नाआधीचं बोलणं माझ्या माहितीत एवढंच. पण काही दिवसांनी तिच्या मामानं बाबांना बोलावून सांगितलं की दादाशी लग्नाला पोरीची ना नाही. ना होती ती तिच्या वडिलांची. ते बुलढाण्याला कलेक्टर कचेरीत कारकून. स्वच्छ धोतर, काळी टोपी आणि हातात कायम छत्री. बाबा आणि मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी चांगला चहा पाजला आणि स्पष्ट बोलले. पोरगा हुशार असेल, पण माझी पोरगी अवघड रस्त्यावर कोणाच्या भरवशावर सोडू? बाबा म्हणाले की तो गाडी बनवतो, चालवतो. तेव्हा ते जरा हसले.

"मग त्यांना म्हणा, स्वतः चालवत घाट चढून या माझ्या दारात," ते म्हणाले. "पायानं नाही चढले तरी चालते. गाडीनं चढा. त्याच दिवशी सुपारी फोडू."

बोलले थट्टेत, पण शब्द पाळणारा माणूस होता. घरी आल्यावर मी ते दादाला सांगितलं. तो कंदील घेऊन गोठ्याकडे गेला. गाडी तिथंच उभी असायची.

आता आमच्या चुकीबद्दल. ती चूक आमच्यासारख्या बंडीवाल्यांकडूनच होऊ शकते.

बंडी भरणं ही बाबांची विद्या होती. कापसाच्या हंगामात लोक त्यांना बोलावून नेत. बंडीत ओझं मागं जास्त झालं की ती उलाळ होते. म्हणजे चढाला लागली की मागं कलते, पुढचं जू वर उठतं आणि बैलांचे गळे आवळतात. म्हणून ओझ्याचा थोडा दाब पुढं, बैलांच्या मानेवर, पाहिजेच. बंडी भरून झाली की बाबा जुवाखाली तळहात धरून ते उचलून पाहत. झोपलेल्या लेकराचं डोकं हातावर घेतल्यावर लागतं तेवढंच ते जड लागलं पाहिजे, असं ते म्हणत. हे मी त्यांच्याकडून शिकलो होतो आणि मला त्याचा अभिमान होता.

मोटारीची चाकं घसरतात म्हटल्यावर बाबांनी आणि मी तीच विद्या लावली. इंजिन म्हणजे बैल, आणि बैल पुढं. मग दाबही पुढंच पाहिजे. पेट्रोलची टाकी पुढं, बॅटरी पुढं, आणि तरी घसरते म्हणून मी तुटक्या जात्याची तळी पुढच्या पत्र्याखाली बांधली. मागं फक्त पत्रा आणि हवा. सायकलसारखी टायरं टणक फुगवली, कारण मऊ टायर म्हणजे जड गाडी हेही आम्हाला ठाऊक होतं. गाडी आणखी घसरू लागली. काळ्या मातीत तर ती उकिरड्यावरच्या कोंबडीसारखी मागं माती उडवायची आणि पुढं सरकायची नाही.

दादाला शंका आली होती. एकदा जेवताना तो म्हणाला, मागं वजन टाकून पाहू का. बाबांनी घास खाली ठेवला. "उलाळ गाडी घाटात नेतं का?" एवढंच म्हणाले. मी हसलो. दादा पुन्हा जेवू लागला.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं निघालो. पोरीच्या वडिलांना निरोप गेला होता. ते कचेरीतल्या दोघांना घेऊन घाटातल्या देवळापाशी येऊन थांबणार होते. मोताळ्यापर्यंत ठीक गेलो. राजूरला, घाटाच्या पायथ्याशी, इंजिन थंड करायला गाडी थांबवली आणि दादा हॉटेलवाल्याकडे पाणी मागायला गेला. मी गाडीभोवती फिरलो, तेव्हा मागं गोणपाट टाकलेलं दिसलं. ते उचललं तर खाली सरकीचं भरलेलं पोतं. मागची टायरंही बोटानं दाबली जात होती. त्यानं हवा काढली होती. आम्हाला न सांगता तो स्वतःच्या मनासारखं करून पाहणार होता.

मला राग आला, आणि भीतीही वाटली. गाडी उलाळ होऊन घाटात मागं उलटेल असं खरंच वाटलं. मी ते पोतं ओढत आणून पुढं, माझ्या पायांशी ठेवलं. पंप काढून दोन्ही टायरं टणक केली. दादा पाण्याचा डबा घेऊन आला, रेडिएटर भरला आणि मागं न बघता बसला. मी त्याला काही सांगितलं नाही. मी त्याला वाचवतोय अशी माझी समजूत होती.

घाटात तेव्हा खडी आणि वर मुरूम असा रस्ता होता. सुरुवातीची वळणं निघाली. देवळाच्या खालच्या वळणावर चढ उभा होता. दादानं दांडा ओढला, खट्ट झालं, गिअर बदलला आणि इंजिनाला जोर दिला. चाकं मोकळी फिरली. मागची बाजू झाडूसारखी डोंगराकडे सरकली आणि नालीत जाऊन बसली. कोणाला खरचटलं नाही. गाडी थांबली तेव्हा दादाचा उजवा पाय ब्रेकवर होता आणि गाडी जागच्या जागी धरलेली होती.

वरून पोरीचे वडील छत्री टेकत खाली आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही, दादाच्या पायाकडे पाहिलं. "मिस्त्री, तुमचा दोष नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पायानं दगा दिला."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. डाव्या पायाला या गाडीत कामच नाही, हे मला ठाऊक होतं. पोतं कुठं होतं आणि कोणी नेलं, तेही ठाऊक होतं. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. पण बोललो तर बाबांची विद्या खोटी ठरली असती आणि माझं शहाणपण उघडं पडलं असतं. मी नालीकडे बघत राहिलो. ते बाबांसाठी निरोप सांगून गेले, की आता आम्ही दुसरीकडे बघतो, राग मानू नका.

गाडी बाहेर काढायला बाजाराला चाललेले काही शेतकरी थांबले. दादानं त्यांना ढकलू दिलं नाही. त्यांतल्या तिघांना मागच्या पत्र्यावर बसायला सांगितलं. ते हसत हसत चढून बसले. दादानं अगदी हळू दांडा सोडला, आणि गाडी त्या तिघांना घेऊन नालीतून सरळ वर आली. चाकं एकदाही मोकळी फिरली नाहीत. ते उतरले तरी दादा बराच वेळ चाकांकडे बघत होता. मग त्याची नजर माझ्या पायांशी असलेल्या पोत्यावर गेली.

"पोतं पुढं कोनं आनलं बे?"

मी म्हणालो, "सरकलं असंल रस्त्यानं."

चढावर पोतं मागं सरकतं, पुढं येत नाही, हे त्याला माझ्याहून चांगलं कळत होतं. तो फक्त "हं" म्हणाला आणि गाडी वळवली.

घरी आल्यावर मला वाटलं, आता हा गाडी मोडून टाकील. पण तो दुसऱ्या सकाळी पाण्यात कालवलेला चुना घेऊन बसला होता. मागच्या टायरला चुना फासायचा, गाडी हातानं ढकलून सारवलेल्या अंगणातून न्यायची आणि उमटलेला पट्टा बघायचा. टणक टायरचा पट्टा निघाला बोटाएवढा बारीक, नुसता मधला. थोडी हवा काढली, पट्टा रुंद झाला. आणखी काढली, पुन्हा ढकललं. पंजा पूर्ण टेकावा तसा रुंद ठसा उमटला तेव्हा त्यानं मला हाक मारली.

"हे पाह्य. आतापावतर गाडी टाचेवर उभी होती," तो म्हणाला. मग गाडीच्या मागच्या बाजूवर हात ठेवून म्हणाला, "बैल मागं हायेत बे. इंजिन पुढं दिसते म्हनून आपन फसलो. जमिनीले पाय लावून वढते ते मागचं चाक. आपन बैलाच्या मानेवरचं वजन काढून पुढं मोकळ्या धुरेवर लटकवून ठेवलं."

बाबा ओसरीवरून ऐकत होते. मला वाटलं, चिडतील. दादा लंगडत त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "बाबा, गाडी तुम्हीच भरा. फक्त बैल मागं हायेत असं समजून भरा."

बाबा उठले. गाडीभोवती एक फेरी मारली. मग धोतराचा काष्टा खोचून त्यांनी ती गाडी भरायला घेतली, जशी ते कापसाची बंडी भरत. जात्याची तळी काढून फेकली. टाकी आणि बॅटरी मागं आली, बसायची जागा मागं सरकली. सरकीची पोती मागच्या चाकांच्या बरोबर वर बांधली. मधूनमधून ते पुढं येऊन पत्र्याखाली तळहात धरत आणि उचलून बघत. एकदा म्हणाले, आता जास्त झालं, पुढची चाकं नुसती टेकली आहेत, वळायची नाहीत. मग एक पोतं काढलं. दादाला जे गणित मांडून सांगता येत नव्हतं ते बाबांच्या तळहाताला कळत होतं, आणि बाबांना जी दिशा उलटी वाटत होती ती दादानं सांगितली होती. त्या अंगणात त्या दोघांना एकमेकांशी इतकं बोलताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

तरी एक खोड उरली. जोर दिला की मागची चाकं घोड्यासारखी टपटप उडायची. उडालेलं चाक जमीन काय धरणार? दादानं कमानपाटे, म्हणजे गाडीचे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, खोलले. पाटे होते जुन्या जड गाडीच्या हिशोबाचे आणि वरची गाडी बाभळीची, हलकी. त्यानं प्रत्येक बाजूचे काही पाटे काढले, म्हणजे चाक खड्ड्यात उतरेल आणि दगडावर चढेल, पण जमीन सोडणार नाही. चाकांचा आस जोर दिल्यावर पिळला जातो म्हणून आसापासून सांगाड्यापर्यंत दोन्हीकडे एकेक दांडी जोडली. शेवटी ॲक्सिलरेटरखाली एक लाकडी ठोकळा बसवला, पाय एकदम खाली जाऊ नये म्हणून. पटात कासरा एकदम सैल सोडला की बैल बिथरतात, थोडा थोडा सोडावा लागतो, असं तो म्हणाला.

दिवाळीनंतर एका सकाळी तो मला म्हणाला, "चाल."

मी विचारलं, कुठं? कोणाला निरोप दिला नव्हता. पोरीचं दुसरीकडे जमत आलं असं कानावर होतं.

"घाटात. मागं बसायले मानूस पाहिजे," तो म्हणाला. "पोतं वळनावर आत झुकत नाही."

मी मागं पोत्यांवर बसलो, दोन्ही हातांनी लाकडाला धरून. माझं काम एवढंच होतं. वळण आलं की आतल्या बाजूला झुकायचं आणि इतर वेळी जड राहायचं. देवळाच्या खालचं ते वळण आलं. दांड्याचा खट्ट आवाज झाला. मी डोळे मिटून आत झुकलो. माझ्या खाली, अगदी माझ्या बुडाखाली, चाकांनी मुरूम धरलेला मला कळला. कसं सांगू? बैल चढाला खाली वाकून खूर रोवतात आणि बंडीच्या लाकडातून ते बसणाऱ्याला कळतं, तसं. डोळे उघडले तेव्हा देऊळ मागं पडलं होतं आणि दादा काहीतरी गुणगुणत होता.

बुलढाण्याला त्यांच्या दारात थांबलो. शेजारचे लोक बाहेर आले. पोरीचे वडीलही बाहेर आले, छत्रीशिवाय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं आणि मलाच विचारलं, "घाटात कोणी चालवली?"

"दादानं," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं नाही. भाऊ भावासाठी असंच बोलणार. त्यांनी आत जाऊन टोपी घातली, परत आले आणि दादाला म्हणाले, "मले घेऊन चाला."

दादानं मला खाली उतरवलं. "तुमाले मागं बसावं लागंल," तो त्यांना म्हणाला. "त्याच्या जागी."

ते अंगानं भरलेले होते. पोत्यांवर नीट मांडी घालून बसले. गाडी गेली. मी दारात उभा राहिलो. दाराआड त्यांची पोरगी उभी होती. आम्ही दोघं गाडीचा आवाज ऐकत होतो. गाडी घाट उतरून जाऊन परत चढून येईपर्यंतचा तो वेळ फार लांब होता. शेवटी वळणावरून खट्ट ऐकू आलं आणि तिनं पदर नीट केला.

ते उतरले तेव्हा टोपीवर मुरमाची लाल धूळ होती. ती त्यांनी झटकली नाही. काही वेळ चाकाशी वाकून उभे राहिले आणि मग दादाला म्हणाले, "मग त्या दिवशी काय झालं होतं?"

दादानं माझ्याकडे बघितलं. बोलायची पाळी माझी होती. त्यानं मला चांगला वेळ दिला. मी गप्प राहिलो. मग तोच म्हणाला, "पोतं सरकलं होतं."

माझंच खोटं त्यानं माझ्यासाठी वापरलं.

त्यांनी मान डोलावली. दाराकडे वळून म्हणाले, "चहा टाक बाई. आन् जवायासाठी चांगला कप काढ." इतके दिवस ते त्याला मिस्त्री म्हणत होते.

परत येताना दादानं गावाच्या वेशीजवळ गाडी थांबवली. पारावर लोक बसलेले दिसत होते. तो उतरून मागं पोत्यांवर जाऊन बसला आणि मला म्हणाला, "आता तू चालव. घरापावतर."

का, ते त्यानं सांगितलं नाही. मला वाटतं, सकाळपासून मी मागं बसलो होतो आणि दारात गप्प राहिलो होतो, ते त्याला बघवलं नसावं. गाव आमच्याकडे बघत होतं. गाडी मी चालवत होतो आणि दादा मागं बसून हसत होता. त्या संध्याकाळी पारावर गोष्ट तयार झाली, की धाकट्यानं घाट चढवला. वेशीपासून घरापर्यंत त्यानं मला गाडी दिली होती. मी ती आजपर्यंत चालवत आलो.

दादा मात्र त्याच वर्षी मोताळ्याला गॅरेज टाकून बसला. पुढं घाटात चिखलाच्या दिवसांत अडकलेल्या कितीतरी गाड्या त्यानं काढल्या. तो तिथे पोचला की आधी टायरमधली थोडी हवा काढायचा आणि जमलेल्या लोकांना मागं चढून बसायला सांगायचा. लोकांना ती त्याची तऱ्हा वाटायची. तिच्यामागची गोष्ट मला ठाऊक होती, आणि ती मला कधी कोणी विचारली नाही.

आता विचारली. म्हणून काल त्या पोरीला फोन करून सगळं सांगितलं. चुना, पाटे, आसाची दांडी, ठोकळा, पुढं तळहात लावून बघायचं, सगळं. आणि पोतं कोणी हलवलं तेही. ती ऐकत होती. मध्ये एकदाच तिनं विचारलं.

"म्हणजे घाट आबांनी चढवला?"

"हाव."

"आन् तुम्ही?"

"मी वजन होतो."

ती हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडे बॅटरी पुढं आहे. आजच मागं घेतो." आणि फोन ठेवला.

आज सकाळी तिनं फोटो पाठवला. कॉलेजच्या फरशीवर चुन्याचा पट्टा आहे, पंज्यासारखा पूर्ण रुंद. त्याखाली तिनं लिहिलंय, 'जमीन सापडली.' हे शब्द तिला आजीकडून मिळाले की रक्तातून, मला माहीत नाही. मी तरी तिला ते सांगितले नव्हते.

फोटो घेऊन मी आत्ता खामगावला वहिनीकडे निघालो आहे. आधी फोटो दाखवीन. तिचे डोळे अधू झाले आहेत, तिला वेळ लागेल. मग पोत्याचं सांगीन.